किडीची साक्ष

"हात दाखव," संचालक म्हणाले.

मी दाखवले. दोन्ही. तळवे काळे, नखं काळी, पेरापेरांत काजळी मुरलेली. समोर भरलेलं सभागृह. पहिल्या रांगेत रेशमी साड्या, शाली, कॅमेरे. सकाळीच मला निरोप आला होता: काम करून तशीच ये, हात धुवायचे नाहीत. मला वाटलं, घाई असेल. कसली घाई? नेपथ्य होतं ते.

भाषण इंग्रजीत चाललं होतं. मराठी फक्त माझ्या वाट्याला, आणि तेही दोन शब्द. "हात दाखव." पुढचं परत इंग्रजीत. मला इंग्रजी कळतं हे त्यांना माहीत नव्हतं. सहा वर्षांत त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"हिचे वडील जोडे शिवतात," ते माइकमध्ये म्हणाले. आवाज असा की सायीवर साखर. "आजोबाही जोडेच शिवत. आणि आज ही मुलगी पाचशे वर्षांपूर्वीची ताडपत्रं हाताळते. आपल्या विद्येनं कुणालाही दारातून परत पाठवलं नाही. याहून मोठा पुरावा कोणता?"

मुलगी. मी एकतीस वर्षांची होते.

टाळ्या. मागच्या पडद्यावर स्लाइड पडली. ताडपत्राचा फोटो, खाली इंग्रजीत एक वाक्य: कोणत्याही जन्माचा असो, दाराशी आलेल्याला अक्षर, अंक आणि पाठ द्यावा. मध्ययुगातल्या एका मठाच्या पाठशाळेचा नियम. हा आमच्या संस्थेचा मुकुटमणी. संचालकांनी शोधलेला, संचालकांनी लावलेला, संचालकांनी गाजवलेला. याच वाक्यावर त्यांचं पुस्तक छापखान्यात गेलं होतं.

मग माझा सत्कार. साडी आणि नारळ. मी ओंजळ पुढे केली. संचालकांनी नारळ वरून सोडला. एक वीतभर उंचीवरून. धप्. मागोमाग साडी. धप्. मी दोन्ही झेल घेतले, एकही सोडला नाही. पहिल्या रांगेतल्या बाई कौतुकानं हसल्या.

ती वीत सभागृहात कुणालाच दिसली नाही. मला दिसली. मी तिला लहानपणापासून ओळखते. दुकानदाराच्या हातातून सुटणारं मीठ, शेजारणीच्या तांब्यातून पडणारं पाणी, देवळाबाहेरचा प्रसाद. सगळीकडे तीच वीत. फक्त या वेळी तिच्यावर फोकस मारला होता आणि खाली लिहिलं होतं, दार सर्वांना उघडं.

आता पडदा पाडते आणि मागचं सांगते.

आम्ही बँगलोरच्या चामराजपेटेतले. आजोबा कोल्हापूरकडून एका पलटणीबरोबर जोडे शिवायला आले आणि इथंच राहिले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि दोन्हींची इतकी सरमिसळ की पुण्याचा पाहुणा आला की त्याला आमचं अर्धं मराठी कळत नसे. अप्पांचं दुकान म्हणजे मार्केटकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फळी, वर एक ताडपत्री. जात चांभार. मी पी.यू.सी., म्हणजे बारावी झाले, पुढे जमलं नाही. टायपिंग शिकले. टायपिंग येणाऱ्या मुली बँगलोरात तेव्हा पोत्यानं होत्या, आणि कचेऱ्यांत कॉम्प्युटर यायला लागले होते.

रामण्णा हे अप्पांचं गिऱ्हाईक. डाव्या चपलेचा अंगठा त्यांचा नेहमी तुटायचा. संस्थेत ग्रंथपाल. हस्तलिखितांची ती संस्था बसवनगुडीकडे, झाडांच्या सावलीत, थंड दगडी इमारतीत. एकदा चप्पल शिवून होईपर्यंत उभे होते तेव्हा म्हणाले, "अण्णा, तुमच्या मुलीला काम आहे. घाण काम आहे. कुणी टिकत नाही."

काम असं. ताडपत्रावर शाईनं लिहीत नाहीत. लोखंडी टोकानं कोरतात. कोरलेलं अक्षर पानाच्याच रंगाचं, दिसतच नाही. मग पान कुंचल्यानं झाडायचं, गवती चहाचं तेल लावायचं, त्यावर काजळी चोळायची आणि जादा काजळी फडक्यानं पुसून घ्यायची. काजळी खाचेत राहते. अक्षर उमटतं. काळं, कुळकुळीत, काल लिहिल्यासारखं.

म्हणजे बघा गंमत. मी काळं फासेपर्यंत त्या सगळ्या पंडितांना एक अक्षर दिसत नव्हतं. प्रत्येक पानावरचं अक्षर पहिल्यांदा दिसायचं ते मला. पाचशे वर्षांनी पहिल्यांदा. आणि त्यांचा समज असा की मी फक्त पुसते.

मी कन्नड शाळेत शिकलेली. जुन्या कन्नड लिपीची अक्षरं पहिल्या वर्षी अनोळखी वाटली, दुसऱ्या वर्षी ओळखीची, तिसऱ्या वर्षी मी ती मनातल्या मनात म्हणायला लागले. ओठ हलवायची चोरी. अडलं की रामण्णांना विचारायची. तेही सरळ नाही. "अण्णा, हे अक्षर पुसलं गेलं तर कोणतं म्हणून भरू?" ते सांगायचे. त्यांना सगळं कळत होतं. पण मला न कळल्यासारखं दाखवायचं हे त्यांनी ठरवून घेतलं होतं.

अशी मी ती पाठशाळा वाचली, त्याच मठाच्या दुसऱ्या पोथ्यांतून. पहाटे उठावं, आधी कालचा पाठ म्हणावा, मग आजचा घ्यावा. अक्षर वाळूत गिरवावं. चुकलं तर वाळू तळव्यानं सारखी करावी आणि पहिल्यापासून सुरू करावं. तीन वर्षं वाळू, मग पान. गुरूनं वर्षाचं भात मठाच्या जमिनीतून घ्यावं, विद्यार्थ्याकडून घेऊ नये. मला ती मुलं दिसायची. वाळूत बोट फिरवणारी, झोपेनं पेंगणारी. मला त्यांचा हेवा वाटायचा. खरंच सांगते. पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या पोरांचा हेवा.

आणि मी कुठं बसायची? मागच्या पडवीत. काजळी उडते म्हणून. माझा स्टीलचा पेला मागच्या खिडकीच्या गजाला दोरीनं बांधलेला. कॉफी त्यात बाहेरच्या बाहेर ओतायचे. हेही काजळी उडते म्हणून. काजळी फार सोयीची चीज. तिच्या नावावर काहीही खपतं.

आत वाचनाची खोली होती. लांब सागवानी टेबल, आठ खुर्च्या, हिरव्या काचेचे दिवे. तिथं बसायला वाचक-कार्ड लागायचं. नियम दाराशीच टांगलेला: पी.यू.सी. किंवा अधिक शिक्षण झालेल्या कोणाही व्यक्तीस अर्ज करता येईल. सहा वर्षं मी त्या पाटीखालून केरसुणी घेऊन गेले. मला दुसरं काही नको होतं. ती खुर्ची हवी होती. टेबलावर पान ठेवून, दिव्याखाली, ओठ हलवत वाचायचं होतं.

तर त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी मी हात घासघासून धुतले आणि रामण्णांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"अर्ज द्या."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

रामण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "अक्का, स्वल्प विचार कर."

"काल सरांनीच सांगितलं. दार सर्वांना उघडं. माझे हात दाखवून सांगितलं. अण्णा, पुरावाच मी आहे. पुराव्याला कार्ड नको?"

त्यांनी अर्ज दिला. मी सुंदर अक्षरात भरला. शेवटचा रकाना होता: अभ्यासाचा विषय. मी लिहिलं, मध्ययुगातलं शिक्षण, कोण आत आणि कोण बाहेर.

अकरा वाजता संचालकांची कॉफी असते. आत दोन-तीन संशोधक, पुण्याहून आलेले एक पाहुणे. मला हाक आली. "अगं ए." मला ते असंच हाक मारत. मी दारात उभी राहिले. उंबऱ्याच्या बाहेर, सवयीनं.

त्यांनी माझा अर्ज मोठ्यांदा वाचला. नाव वाचलं. शिक्षण वाचलं. विषयाशी आले आणि थांबले. नटाला कुठं थांबायचं ते बरोबर कळतं. "कोण आत," ते म्हणाले, आणि हातानं खोलीतल्यांकडे दाखवलं. "आणि कोण बाहेर." हात माझ्याकडे.

हशा. पाहुण्यांच्या नाकातून कॉफी आली.

मी म्हटलं, "सर, काल तुम्ही म्हणालात, कुणाला परत पाठवलं नाही."

"अगं," ते अगदी मायेनं म्हणाले, "ते भाषण होतं."

पुन्हा हशा. मग त्यांनी अर्ज माझ्याकडे धरला. मी दोन पावलं आत जाऊन घेतला. त्यांना माझी बोटं दिसली. एवढं घासूनही पेरांत काळं उरलं होतंच.

"हात पूस त्याला," ते म्हणाले. "कागद चांगला आहे."

मी हात पुसले नाहीत. अर्ज घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. परत पडवीत गेले आणि दिवसभर पानं पुसली. हे मी लपवत नाही. त्या दिवशी मी गप्प बसले. गप्प बसायची आमच्या घराण्याला चांगली तालीम आहे, वाळूत गिरवल्यासारखी.

आता किडा येतो. खरा नायक तोच.

पुस्तकात पोथीचे फोटो घालायचे होते. मुकुटमणी पहिल्यांदाच माझ्याकडे आला; त्यावर काजळी मी यायच्या आधीच चढली होती. वीस-बावीस पानांची पोथी. संस्थेत आली तेव्हाच तिचा दोर तुटलेला, पानं सुटी. डावीकडचा काठ, जिथं पानांचे आकडे असतात, तो झडून गेलेला. मग क्रम लावला कुणी? संचालकांनी. कशावरून? अर्थावरून. ते अभिमानानं सांगत, "मी पानं अर्थानं लावली." अर्थ त्यांच्या डोक्यात आधीच होता. पानं त्याच्यामागून आली.

मी फोटोसाठी पानं त्यांच्या क्रमानं रचली, गठ्ठा उजेडाकडे धरला. दोराचं भोक आरपार दिसलं. ते प्रत्येक पानात एकाच जागी पाडलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. पण शेजारी दुसरं एक भोक होतं. किडीचं. कधीकाळी एक किडा पोथीच्या वरच्या लाकडी फळीतून घुसला आणि खालच्या फळीपर्यंत खात गेला होता. सरळ नव्हे, तिरका. पानागणिक भोक अर्ध्या तांदळाएवढं डावीकडे सरकलेलं.

आणि दोन ठिकाणी ते सरकणं चुकत होतं. बाराव्या पानावर भोक एकदम डावीकडे उडी मारत होतं. सोळाव्यावर एकदम उजवीकडे.

किड्यानं उडी का मारावी?

संध्याकाळी अप्पांच्या फळीवर बसून मी वर्तमानपत्राच्या काठावर भोकं काढून दाखवली. अप्पा एका चपलेचा तळ उसवून पुन्हा बसवत होते. आरी हातात, तोंडात दोरा.

"ही कशी बसवता तुम्ही? कुठला थर कुठं, कसं कळतं?"

"जुनी भोकं बघायची," अप्पा दोऱ्यामागून म्हणाले. "टाक्याला टाका लावायचा. नवं भोक पाडायचं नाही. नवं भोक पाडतो तो शिकाऊ."

"आणि भोक जुळत नसलं तर?"

"तर थर चुकला." त्यांनी माझ्या वर्तमानपत्राकडे बघितलं. क्षणभरच. मग आरीचं टोक बारावर ठेवलं, मग सोळावर. "ही दोन एकमेकांच्या जागी घाल. कुणी लावलं हे?"

"संचालकांनी."

"सरी, बरं," अप्पा म्हणाले आणि दोरा ओढला. "मोठा माणूस. चप्पल शिवली नसेल कधी."

दुसऱ्या दिवशी मी बारावं आणि सोळावं पान बदललं. गोधडीची लांब सुई किड्याच्या भोकात घातली. वरपासून खालपर्यंत गेली. कुठंही अडली नाही. लोण्यातून जावी तशी.

मग वाचलं.

अकराव्या पानाची शेवटची ओळ: कोणत्याही जन्माचा असो, दाराशी आलेल्याला. पान संपलं. संचालकांच्या क्रमात पुढचं पान सुरू व्हायचं: अक्षर, अंक आणि पाठ द्यावा. आता किड्याच्या क्रमात पुढचं पान सुरू झालं: उरलेलं अन्न द्यावं, गुरांचं झाल्यावर, भिंतीबाहेर. पाठ चालू असताना त्यांनी आवाज ऐकू येणार नाही इतकं दूर उभं राहावं. पानं उकळून, वाळवून, घोटून आणणाऱ्यांनी ती दारात ठेवून मागं फिरावं.

आणि ते अक्षर-अंक-पाठाचं पान? ते चार पानं पुढं गेलं, सोळावं झालं. त्याच्या आधीच्या पानाची शेवटची ओळ होती: अग्रहारातल्या आठ वर्षं पुऱ्या झालेल्या मुलाला. अग्रहार म्हणजे ब्राह्मणांची वस्ती.

मी पडवीत बसून हसले. मोठ्यांदा. माळी बघायला आला.

तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. वाचून धक्का बसला. छे! आम्हाला भिंतीबाहेर उभं केलं होतं हे सांगायला ताडपत्राची गरज नव्हती. माझा पेला गजाला बांधलेलाच होता. मी पेटले ते दुसऱ्याच गोष्टीनं. भिंतीबाहेर ठेवायचं ते ठेवायचं, वर मलाच स्टेजवर उभं करून माझ्याच हातांच्या साक्षीनं सांगायचं की भिंत नव्हतीच. शिळं अन्न द्यायचं आणि पाचशे वर्षांनी पावतीवर लिहायचं, विद्या दिली.

मी रामण्णांना बोलावलं. सुई दाखवली. त्यांनी दोन्ही पानं वाचली, पुन्हा वाचली. घाम फुटला त्यांना. त्या थंडगार इमारतीत.

"अक्का," ते कुजबुजले, "माझी नोकरी दोन वर्षं उरलीय."

"मी कुठं काय म्हणतेय? किडा म्हणतोय."

"किड्याला पेन्शन नसते, अक्का."

पण त्यांनीच संचालकांना बोलावलं, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. संचालक पहिल्यांदाच पडवीत आले. काजळीनं तीनदा शिंकले. सुई बघितली. पानं परत आपल्या क्रमानं लावून सुई घातली. अडली. पुन्हा लावली. अडली. मग किड्याच्या क्रमानं. गेली. ते वाचायला लागले, ओठ हलवत. त्यांचेही ओठ हलत होते! मग ओठ थांबले.

मी त्यांचा चेहरा बघत होते. तिथंपर्यंत ती चूक होती. हातून झालेली, माणसाची. मी वाट बघत होते. एक वाक्य म्हटलं असतं, "अगं, माझं चुकलं," तर मी सहा वर्षांचं सगळं गिळलं असतं. तेवढी मी तेव्हा मूर्ख होते.

ते म्हणाले, "हे आणखी कुणी पाहिलंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पडवीतल्या पाटावर एक पाकीट. आत वाचक-कार्ड. माझं नाव टाइप केलेलं, शिक्का, संचालकांची सही. मी ते कार्ड किती वेळ बघितलं ते सांगत नाही. गुळगुळीत, पिवळसर. कोपऱ्याला मी बोट लावलं नाही, काळं होईल म्हणून.

मग हाक आली. या वेळी "अगं ए" नाही. या वेळी नावानं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की त्यांना माझं नाव येतं.

वाचनाच्या खोलीत फक्त आम्ही तिघं. संचालक, दाराशी रामण्णा, आणि मी. टेबलावर पोथी, शेजारी नवा दोर. त्यांनी खुर्ची ओढली. "बस."

मी बसले. खुर्ची मऊ होती. दिवा लावलेला होता. मागच्या खिडकीतून माझा पेला दिसत होता. आतून पहिल्यांदाच बघत होते. फार लहान दिसत होता.

"तुझी नजर चांगली आहे," संचालक म्हणाले. "रोज इथं बस. मी स्वतः शिकवीन. पुढे-मागे पुस्तकातही तुझे आभार मानू. आता अकराला फोटोवाला येईल. पोथी छापल्या क्रमानं लाव आणि दोर तूच बांध. तुझ्या हातानं."

"छापल्या क्रमानं सुई जात नाही, सर."

"सुई कुणी घालणार आहे?"

"मी घातली."

"हे बघ." आवाजात पुन्हा साय आली. "हे वाक्य लोकांना हवंय. तुमच्या लोकांनाच जास्त हवंय. आपल्याला कधीकाळी आत घेतलं होतं, हे ऐकून त्यांना बरंच वाटेल ना? ते दुसरं पान वाचून काय मिळणार? कडवटपणा."

बघा काय चलाखी. माझं शिळं अन्न मलाच ताजं म्हणून वाढत होते. आणि त्याबरोबर खुर्ची देत होते. खोटं नाही सांगत, मला ती खुर्ची सोडवत नव्हती. मांड्यांना ती समजली होती. रोजचा दिवा, रोजचं पान, ओठ हलवायची मुभा. बदल्यात काय, तर दोन पानं. ताडाची दोन सुकी पानं.

मी दोर घेतला.

संचालकांनी सुस्कारा सोडला. मी पानं एकेक करून लावली. अकरावं ठेवलं. मग हात थांबला. वाळूत चुकलं तर वाळू सारखी करावी आणि पहिल्यापासून सुरू करावं. त्या पोरांना हे शिकवलं होतं. या माणसाला कुणी शिकवलं नव्हतं.

मी किड्याचं पान अकराव्यावर ठेवलं. ओवलं, आवळलं, गाठ मारली. चांभाराची गाठ. सुटत नाही, कापावी लागते. मग खुर्चीत बसूनच, दिव्याखाली, मोठ्यांदा वाचलं. अकराव्याची शेवटची ओळ आणि पुढचं पान. न अडखळता. त्या खोलीत आवाज छान घुमतो.

"तू बडतर्फ आहेस," संचालक म्हणाले.

"कोणत्याही जन्माची असो?" मी विचारलं.

कार्ड मी टेबलावर ठेवलं. एक वीतभर उंचीवरून सोडलं. अगदी मोजून. ते धप् वाजलं नाही, कागद तो. पण त्यांनी ती वीत बघितली. मला तेवढंच दाखवायचं होतं.

फाटकाशी माझी पिशवी झाडून बघितली गेली. सहा वर्षांत कधी नाही ते. आत डबा होता आणि तो घडी घातलेला अर्ज. पेला मी स्वतः गजावरून सोडला, दोरीसकट घेतला.

शेवट गोड होईल असं वाटत असेल तर उठा. पुस्तक आलं. वाक्य त्यात जसंच्या तसं. त्याबद्दल संचालकांना शाल मिळाली. नंतर एकदा रामण्णा अप्पांकडे चप्पल घेऊन आले, तोच डावा अंगठा. खाली मान घालून म्हणाले, गाठ कापली. पानं परत सरांच्या क्रमानं. पोथी आता पेटीत, कुलपात. नाजूक अवस्था म्हणून कुणाला दाखवत नाहीत. अप्पांनी अंगठा शिवला. जुन्याच भोकांतून.

चूक पहिल्यांदा झाली ती अजाणता. गाठ कापली ती जाणून. मी त्या माणसाला पहिल्या चुकीबद्दल कधीच धरलं नाही. दुसरीबद्दल कधी सोडणार नाही.

आता माझी पन्नाशी उलटली आहे. ते वाक्य अजून फिरतं. गावोगावच्या सभांत, स्मरणिकांत, शाळांच्या भिंतींवर. मारतहळ्ळीला तेव्हा शेतं होती, आता तिथं काचेच्या इमारतींत आमची मराठी पोरं मंडळ चालवतात आणि दरवर्षी परंपरेवर व्याख्यान ठेवतात. वक्ता कुणी असो, ते वाक्य येतंच. मी मागच्या रांगेत बसते. नटून जाते, ती सत्काराची साडी नेसून. अजून टिकली आहे. वाक्य आलं की उभी राहते आणि पुढचं पान म्हणून दाखवते. आता संयोजक मला ओळखतात. "अक्का, आज नको," म्हणून आधीच चहा पाजतात. चहा मी पिते. चहानंतरही उभी राहते.

किड्याचं भोक त्यांना बुजवता आलेलं नाही. येणारही नाही. कुलूप आज ना उद्या निघेल. तोवर ते पान माझ्या तोंडात आहे, अक्षर न अक्षर.

मला सांगू नका दार उघडं होतं. माझे हात उचलून पुरावा म्हणून दाखवू नका. अकरावं पान वाचलंत ना? तसेच उभे राहा. पुढचं वाचा. तुम्ही वाचल्याशिवाय मी खाली बसणार नाही.